सूर गवसणे हा द्रोह आहे काय?

गेल्या लग्नसराईत एका मांडवात आमच्यासमोर एक छोटासा वाद झडला. वधूच्या विशीतल्या भावाने गिटार घेऊन एक संथ, उदास धून छेडली. ती कानी पडताच पन्नाशीकडे झुकलेले त्याचे काका उसळून म्हणाले, “हे नको वाजवूस. ह्या गाण्यापासूनच ते विकले गेले.” शेजारी बसलेले एक निवृत्त मास्तर मात्र प्रसन्न मुद्रेने उद्गारले, “विकले गेले कसले? ह्या गाण्यापासूनच तर ते माणसांत आले!” मग तिघांनीही आमच्याकडे पाहिले. “फादर, तुम्हीच सांगा.” तेवढ्यात जेवणापूर्वीच्या प्रार्थनेची हाक आली, आणि आम्ही हसून विषय टाळला. तो टाळायला नको होता. ह्या दोन्ही मतांना आमचा आक्षेप आहे, आणि तो आज सविस्तर नोंदवीत आहोत. वाचक म्हणतील, धर्मगुरूने रॉक संगीताच्या भांडणात का पडावे? शेवटपर्यंत वाचावे, एवढीच विनंती.

ज्या वाद्यवृंदाविषयी हा वाद होता त्याचे नाव मेटॅलिका. १९८१ साली लॉस एंजेलिस येथे जेम्स हेटफील्ड हा गायक-गिटारवादक आणि लार्स उलरिच हा डेन्मार्कहून आलेला ढोलवादक ह्या दोन पोरसवदा तरुणांनी तो उभा केला. १९८३ साली त्यांची पहिली तबकडी निघाली, त्यानंतर १९८४, १९८६ आणि १९८८ साली आणखी तीन. अतिद्रुत लय, कर्कश गिटारी, आठ-आठ, नऊ-नऊ मिनिटांच्या रचना आणि युद्ध, व्यसन, अन्याय, मृत्यू हे विषय; ‘थ्रॅश मेटल’ नावाच्या ह्या प्रकाराचे ते अग्रणी ठरले. आणि मग १२ ऑगस्ट १९९१ रोजी त्यांची पाचवी तबकडी आली. तिच्यावर त्यांच्या नावापलीकडे शीर्षक नव्हते. वेष्टन काळे होते, म्हणून लोक तिला ‘ब्लॅक आल्बम’ म्हणू लागले. तिच्यात लय उतरली, गाणी आटोपशीर झाली, ओरडणारा गायक चक्क गाऊ लागला, आणि ‘नथिंग एल्स मॅटर्स’ ह्या गाण्यात तर पाठीमागे तंतुवाद्यांचा वृंद वाजू लागला. एकट्या अमेरिकेत तिच्या दीड कोटीहून अधिक प्रती खपल्या. पण जुन्या भक्तांनी तोंड फिरवले. ‘विकले गेले’ हा शब्द त्या दिवसापासून आजतागायत मेटॅलिकाचा पाठलाग करीत आहे.

आरंभीच एक कबुली दिली पाहिजे. १९९१ साली आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी होतो. एका सहाध्यायाने कुणाकडून तरी भरून आणलेली कॅसेट आम्ही रात्री आवाज अगदी बारीक करून ऐकली, आणि ऐकून होताच आम्हीच सर्वांत आधी म्हणालो, “संपले हे. विकले गेले.” तेव्हा ज्या मताचे खंडन आज करावयाचे आहे, ते मत एके काळी आमचेच होते. परक्याच्या मतापेक्षा स्वतःच्या जुन्या मताशी भांडणे अधिक कठीण असते; पण त्यात एक सोय आहे. त्या मताच्या कच्च्या जागा आपल्याला ठाऊक असतात.

पहिला आरोप पैशाचा. जुने चाहते सांगतात की मेटॅलिकाने १९९० साली बॉब रॉक ह्या निर्मात्याला बोलावले ते केवळ धनलोभाने. कारण त्याने १९८९ साली मॉटली क्रू ह्या चटकदार, खपाऊ मंडळींची तबकडी घडवली होती. ह्यातला वस्तुस्थितीचा भाग खरा आहे. त्या तबकडीचा भरदार ध्वनी ऐकूनच त्यांनी रॉकला गाठले, आणि आपले संगीत अधिक लोकांपर्यंत जावे ही इच्छा त्यांनी कधी लपवली नाही. पण ज्याला केवळ विकावयाचे असते तो सोपी वाट धरतो. येथे काय घडले? ऑक्टोबर १९९० ते जून १९९१, असे आठ महिने ही मंडळी ध्वनिमुद्रणगृहात एकमेकांशी आणि रॉकशी भांडत होती. तबकडीचे मिश्रण तीनदा मोडून पुन्हा केले गेले. सुमारे दहा लाख डॉलर खर्ची पडले. त्या काळात चौघांपैकी तिघांचे संसार मोडत होते. दुसरे असे की आधीची, १९८८ सालची तबकडी अत्यंत गुंतागुंतीची आणि नभोवाणीला न पेलणारी असूनही अमेरिकेतील खपाच्या यादीत सहाव्या क्रमांकावर पोहोचली होती. म्हणजे धंद्याचा चालू रस्ता पायाखाली होताच. हमखास गिऱ्हाईक सोडून अनिश्चित वाटेला लागण्याला लोभ म्हणत नाहीत. पैसा आला, रग्गड आला. परंतु एखाद्या कृत्याचे फळ म्हणजेच त्या कृत्याचा हेतू, असे मानणे हा तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्गातला दोष आहे. तो आम्ही तर्कशास्त्र शिकत असतानाच केला होता!

दुसरा आरोप मवाळपणाचा. हा अधिक गंभीर आहे, कारण तो संगीताविषयी आहे. ह्याला उत्तर देण्यासाठी ह्या संगीताची घडण थोडी समजून घेतली पाहिजे.

विजेच्या गिटारीचा स्वर ध्वनिवर्धकात मुद्दाम फाडला जातो. त्यातून मूळ स्वराभोवती कितीतरी उपस्वर उसळतात आणि तो खरखरीत, रानटी भरदारपणा येतो. अशा फाटलेल्या ध्वनीत अनेक स्वर एकाच वेळी छेडले तर नुसता गोंगाट होतो. म्हणून ह्या संगीतातले वादक बहुधा दोनच स्वर एकत्र वाजवतात: षड्ज आणि पंचम. ही जोडी फाटूनही शाबूत राहते. पण ह्या जोडीतून एक स्वर गळालेला असतो, तो म्हणजे गंधार. आणि आपल्या पेटीवर बोटे फिरवणारा कोणीही सांगेल की षड्ज-पंचमाची चौकट उभी राहिली तरी तिच्यात भाव येतो तो गंधाराने. शुद्ध गंधार लागला की प्रकाश पडतो, कोमल गंधार लागला की डोळे भरून येतात. गंधाराविना षड्ज-पंचम म्हणजे तटबंदी. भक्कम, उंच, पण आत कोण राहते ते बाहेरून कळत नाही.

आता ‘नथिंग एल्स मॅटर्स’चा आरंभ ऐका. ध्वनी फाटलेला नाही; स्वच्छ आहे. गिटारीच्या चार तारा एकामागून एक मोकळ्या छेडल्या जातात, डाव्या हाताचे बोटसुद्धा पट्टीवर ठेवावे लागत नाही. त्या मोकळ्या तारा आपल्या भाषेत सांगायच्या तर षड्ज, कोमल गंधार, पंचम आणि तार षड्ज आहेत. दहा वर्षे ज्या स्वराला ह्या मंडळींनी बहुतेक वेळा तटाबाहेर ठेवले होते, तो कोमल गंधार दुसऱ्याच आघाताला आत येतो आणि सगळे घर बदलून टाकतो. ह्याला मवाळपणा म्हणावयाचे का? आमच्या मते तट पाडून उघड्यावर उभे राहणे हे तटाआड गर्जना करण्यापेक्षा अधिक धैर्याचे काम आहे.

ह्या गाण्याची जन्मकथाही बाजाराची नाही. हेटफील्ड दूरध्वनीवर आपल्या मैत्रिणीशी बोलत होता. एका हातात श्रवणयंत्र, म्हणून दुसऱ्या मोकळ्या हाताने तो नकळत उघड्या तारा छेडू लागला. दौऱ्यावर असताना घरच्या माणसाची लागलेली ओढ त्या तारांतून वाजली. हे गाणे मेटॅलिकाचे नव्हेच, हे आपले खासगी आहे, असे समजून त्याने ते बाजूला ठेवले होते. ते उलरिचच्या कानी पडले आणि त्याने आग्रह धरला. विकावयाचा माल कोणी असा लपवून ठेवतो काय? जे गाणे दाखवण्याची त्याला लाज वाटत होती, त्याच गाण्यावरून त्याला निर्लज्ज ठरवले गेले.

शिवाय ह्या तबकडीत सगळेच मवाळ आहे असेही नाही. ‘सॅड बट ट्रू’ हे गाणे लयीने संथ, पण वजनाने आधीच्या कित्येक द्रुत गाण्यांहून जड आहे. आजवरची त्यांची जवळजवळ सगळी गाणी एकाच पट्टीत आहेत, हे बॉब रॉकने त्यांच्या लक्षात आणून दिले; गिटारीचा खर्ज तेथेच संपतो अशी त्यांची समजूत होती. तारा आणखी सैल करून खाली उतरता येते, हे कळल्यावर ह्या गाण्यासाठी त्या उतरवल्या गेल्या. म्हणजे ज्या निर्मात्याने त्यांना मवाळ केले असे म्हणतात, त्यानेच त्यांना अधिक खोल खर्जात नेले. वेग म्हणजे वजन नव्हे. धावणारा माणूस नेहमीच शूर असतो असे नाही. तो पळतही असेल.

तिसरा आरोप निष्ठेचा. चाहते म्हणतात, ‘ह्यांचे मूळ रूप वेगळे होते, ते ह्यांनी सोडले.’ आम्ही विचारतो, मूळ रूप कोणते? १९८४ सालच्या दुसऱ्याच तबकडीत ‘फेड टू ब्लॅक’ हे गाणे स्वच्छ, संथ गिटारीने सुरू होते. आणि त्या वेळीदेखील, म्हणजे ‘ब्लॅक आल्बम’च्या सात वर्षे आधी, काही भक्तांनी ‘विकले गेले’ अशीच ओरड केली होती. १९८६ सालच्या तबकडीतील ‘ओरायन’ ह्या शब्दविरहित रचनेच्या मध्यभागी गिटारी एकमेकींना धरून गातात. हा सूर कोठून आला? तो आला क्लिफ बर्टन ह्या त्यांच्या बास गिटारवादकाकडून. तो बाखचे संगीत आवडीने ऐकणारा, संगीतशास्त्राचे धडे घेतलेला तरुण होता; दोन सुरावटी एकमेकींना कशा सावरतात हे इतरांना उमगले ते बरेचसे त्याच्यामुळे. २७ सप्टेंबर १९८६ रोजी स्वीडनमध्ये दौऱ्याची बस उलटून तो मरण पावला. वय अवघे चोवीस.

त्यानंतरची १९८८ सालची तबकडी ऐका. ती सर्वांत कोरडी, सर्वांत टणक. आणि तिच्यात नव्या बासवादकाचे, जेसन न्यूस्टेडचे वादन जवळजवळ ऐकूच येत नाही. ते मिश्रणात दाबून टाकले गेले. जो गेला त्याची जागा जो आला त्याला देववत नव्हती. ज्याला जुने चाहते ‘शुद्ध, कणखर, तडजोडहीन’ म्हणून मिरवतात, त्या तबकडीच्या मुळाशी न रडलेले रडणे आहे. तिच्या शीर्षकगीताची लांबी दहा मिनिटांच्या घरात जाते. ते वाजवताना पुढच्या रांगेतील श्रोते जांभया देऊ लागत, हे त्यांच्याच कर्क हॅमेट ह्या गिटारवादकाने पुढे सांगितले आहे. तीन वर्षांनी ‘ब्लॅक आल्बम’ आला तेव्हा न्यूस्टेडची बास गिटार ऐकू येऊ लागली होती. तेव्हा निष्ठेचाच प्रश्न असेल तर आम्ही म्हणू की १९९१ साली ही मंडळी बर्टनपासून दूर गेली नाहीत, त्याच्याकडे परतली. सूर हा त्यांचा मूळचाच. मधल्या काळात दुःखाने तो गोठला होता.

येथे एक प्रसिद्ध प्रसंग आठवतो. १७ मे १९६६ रोजी मँचेस्टर येथे बॉब डिलन गात होता. साध्या लाकडी गिटारीवर लोकगीते गाणारा हा कवी आता विजेची गिटार आणि गर्जणारा वाद्यवृंद घेऊन उभा होता. श्रोत्यांतून एक आरोळी आली: “यहुदा!” डिलनचा अपराध काय? तो मृदूकडून कठोराकडे गेला. मेटॅलिकाचा अपराध काय? ते कठोराकडून मृदूकडे आले. दोन्हींना शिक्षा तीच. म्हणजे चाहत्यांना ना कठोराचे प्रेम असते ना मृदूचे. त्यांना प्रेम असते स्वतःच्या सतराव्या वर्षाचे, आणि ते वर्ष कलावंताने जन्मभर जपून ठेवावे अशी त्यांची अपेक्षा असते. शिवाय ज्या नावाने ती आरोळी आली ते नाव इतके स्वस्त नाही. यहुदाने मित्राला शत्रूच्या हाती दिले. ज्याने आपला आवाज बदलला त्याने कोणाला शत्रूच्या हाती दिले? ते नाव उच्चारण्यापूर्वी निदान आम्हा ख्रिस्ती लोकांनी तरी दहा वेळा विचार करावा.

आता आमच्या मास्तरांकडे वळतो. कारण त्यांचे मत ऐकावयास गोड असले तरी कमी चुकीचे नाही. ‘शेवटी माणसांत आले’ ह्या उद्गारात एक गृहीतक आहे: कर्कश ते वाईट, मधुर ते चांगले, म्हणून मधुर झाले ते सुधारले. आमच्या धर्मग्रामातील कित्येक आईबाप ह्याच मापाने मुलांचे संगीत मोजतात. खोलीतून धडधडाट आला की दार ठोठावतात, संथ गाणे आले की निश्चिंत होतात. त्यांना आम्ही त्याच ‘ब्लॅक आल्बम’वरचे एक गाणे दाखवू इच्छितो. त्याचे नाव ‘द गॉड दॅट फेल्ड’. म्हणजे, जो देव कामी आला नाही तो. ज्या तबकडीत मेटॅलिका सर्वांत सुरेल झाली, त्याच तबकडीत श्रद्धेवरचा त्यांचा सर्वांत उघड आरोप आहे. आता सांगा मास्तर, सुधारले की बिघडले?

आम्ही म्हणतो, दोन्ही नव्हे. तो आरोप कोणी केला आणि कोणत्या जखमेतून केला हे पाहिले पाहिजे. हेटफील्डचे आईवडील ‘ख्रिश्चन सायन्स’ ह्या पंथाचे होते. मेरी बेकर एडी ह्यांनी १८७९ साली अमेरिकेत स्थापन केलेल्या ह्या पंथात आजार हा भ्रम मानला जातो आणि वैद्याऐवजी प्रार्थनेवर भिस्त ठेवली जाते. शाळेत आरोग्याचा तास असला की ह्या मुलाला वर्गाबाहेर बसावे लागे. तो तेरा वर्षांचा असताना वडील घर सोडून गेले. तो सोळा वर्षांचा असताना आई कर्करोगाने गेली. औषधोपचारांवाचून, त्याच्या डोळ्यांदेखत. त्या मुलाने देवावर रागवावे ह्यात आश्चर्य ते कोणते? प्रार्थना आणि औषध ह्यांना एकमेकांचे वैरी ठरवणारी शिकवण आमची नव्हे. बेन सिराच्या पुस्तकातील अडतिसाव्या अध्यायात वैद्याचा मान राखावयास सांगितले आहे, कारण त्यालाही प्रभूनेच निर्माण केले. परंतु केवळ ‘ती शिकवण आमची नव्हे’ म्हणून हात झटकणे आम्हांला जमत नाही. आमच्याही घराघरांत आजाऱ्याच्या उशाशी बसलेली सोळा वर्षांची मुले असतात. त्यांनी विचारलेल्या प्रश्नाला आपण कधीकधी ‘देवाची इच्छा’ एवढ्या दोन शब्दांत गप्प केलेले असते. तो गप्प केलेला प्रश्न मग कानात यंत्र घालून, दार लावून, कोणा परक्याच्या तोंडून ऐकला जातो.

आणि एक गोष्ट अशी की तिच्यापुढे आमचा सगळा युक्तिवाद फिका पडतो. हेटफील्डची ती आई गायिका होती. हलक्याफुलक्या संगीतिकांतून गात असे. नऊ वर्षांच्या वयात त्याने पियानोचे धडे घेतले होते. तेव्हा घरात सूर होता. आई गेली तसा तो सूर गेला, आणि त्याच्या जागी गर्जना आली. १९९१ साली तो मुलगा अठ्ठावीस वर्षांचा होता, आणि त्याने प्रथमच मोकळ्या गळ्याने गाण्याचे धाडस केले. आवाज फाटू लागला तेव्हा गायनशिक्षकाकडे जाऊन आवाज लावावयास तो शिकला. एकाच तबकडीत त्याने देवावर आरोपही केला आणि गाऊही लागला. ही विसंगती नव्हे. दुःख जोवर गोठलेले असते तोवर माणूस आरोपही नीट करू शकत नाही. तो नुसता ओरडतो. आरोप करण्यासाठीसुद्धा कंठ मोकळा व्हावा लागतो. ईयोबाने तेच केले, आणि कितीतरी स्तोत्रे तशाच कंठातून आलेली आहेत. म्हणून ‘माणसांत आले’ ह्या शब्दांचा काही अर्थ असेलच, तर तो गोड झाले असा नव्हे; आपले दुःख स्वतःच्या आवाजात सांगू लागले, असा आहे.

इतके म्हटल्यावर प्रतिपक्षाला त्याचे देणे देणे न्यायाचे ठरेल. बदल झाला म्हणजे तो चांगलाच, असे आम्ही म्हणत नाही. १९९६ आणि १९९७ सालच्या पुढील दोन तबकड्यांत पुष्कळ गाणी पोकळ आहेत. तेथे बदलाची चटक लागली होती असे आमचेही मत आहे. केस कापले ह्याचा गवगवा झाला तो मूर्खपणाचा. परंतु रचना सैल झाल्या ही तक्रार रास्त होती. ‘ब्लॅक आल्बम’मध्येही काही गमावले गेलेच: १९८६ सालच्या रचनांतील ती वळणे, एका गाण्यात चार गाण्यांची श्रीमंती, ती पुढे तशी आली नाही. ज्याला ते हरवल्याचे दुःख आहे त्याने ते जरूर सांगावे. ‘मला हे कमी आवडते’ हे म्हणण्याचा हक्क प्रत्येक श्रोत्याला आहे. ‘त्याने आत्मा विकला’ हे म्हणण्याचा हक्क कोणालाही नाही. पहिले वाक्य संगीताविषयी आहे, दुसरे माणसाच्या अंतःकरणाविषयी. आणि तेथे पाहण्याची दृष्टी आपल्याला दिलेली नाही.

कर्कशपणातच सत्य असते असे अजूनही ज्यांना वाटते त्यांना २००३ सालच्या तबकडीचे स्मरण देतो. तिच्यात मेटॅलिका पुन्हा कठोर झाली. इतकी की गिटारीची एकल आवर्तने वगळली गेली आणि ढोलाचा आवाज पत्र्याच्या डब्यासारखा लागला. मग जुने भक्त संतुष्ट झाले का? मुळीच नाही. मेटॅलिकाच्या तबकड्यांत तिची जितकी निर्भर्त्सना झाली तितकी क्वचितच कोणाची झाली असेल. भक्तांनी मागितलेला राग त्यांना मिळाला, तरी सतरावे वर्ष परत मिळाले नाही.

उलट त्या ‘विकलेल्या’ गाण्याचे काय झाले? एप्रिल १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को सिंफनी ह्या मान्यवर वृंदाबरोबर मायकेल केमन ह्यांच्या संचालनाखाली मेटॅलिकाने दोन रात्री वादन केले. १९९१ साली त्या गाण्यातील तंतुवाद्ये बसवणारे केमन हेच. सप्टेंबर २०१९ मध्ये तोच वृंद आणि हीच मंडळी पुन्हा एकत्र आली तेव्हा वृंदातील एका वादकाने एकट्याने उभे राहून क्लिफ बर्टनची १९८३ सालची बासरचना वाजवली. थ्रॅशच्या पोरांतला बाखप्रेमी पोर तेहतीस वर्षांनी सिंफनीच्या मंचावर पोहोचला. २०२१ साली ‘ब्लॅक आल्बम’ला तीस वर्षे झाली म्हणून त्रेपन्न कलावंतांनी आणि गटांनी त्यातील गाणी आपापल्या परीने गाऊन धर्मादाय कामासाठी दिली, त्यांत त्या एका गाण्याची डझनभर रूपे होती आणि चेलोवादक यो-यो मा ह्यांचाही त्यांतील एका रूपात हात होता. ३० ऑक्टोबर २०११ रोजी ही मंडळी बंगळुरूला आली. आमच्या ओळखीतले दोन तरुण आगगाडीने तेथे गेले होते. एक ‘शुद्ध’ पक्षाचा, दुसरा ‘काळ्या’ पक्षाचा. परतल्यावर दोघांचाही घसा सारखाच बसला होता!

असो. आरंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देऊन थांबतो. धर्मगुरूने ह्या भांडणात का पडावे?

ज्या सहाध्यायाने ती कॅसेट आणली होती त्याने पुढच्या वर्षी सेमिनरी सोडली. उत्तम गिटार वाजवी. त्याच्यावाचून आमच्या गायनवृंदाची प्रार्थनागीते लंगडी पडली. तो गेल्यावर आम्ही काही जणांनी त्याच्याविषयी तोच शब्द वापरला जो त्या तबकडीविषयी वापरला होता. “विकला गेला,” आम्ही म्हणालो. कारण तो नोकरीला लागल्याचे कानी आले होते. पुष्कळ वर्षांनी एका अंत्यविधीच्या वेळी त्याची गाठ पडली. तेव्हा कळले की त्याचे वडील अंथरुणाला खिळले होते, पाठची तीन भावंडे शिकत होती, आणि त्याने हे आम्हांला सांगितले नव्हते, कारण आम्ही विचारले नव्हते. एक पत्र टाकण्याऐवजी आम्ही एक शब्द टाकला होता. त्याने आम्हांला दोष दिला नाही. “अजून वाजवतोस का?” असे आम्ही विचारले तेव्हा तो हसून म्हणाला, “वाजवतो. पण आता हळू वाजवतो.”

म्हणून ह्या भांडणात पडलो. तरुण वाद्यवृंदाविषयी जो शब्द सहज वापरतात, तोच उद्या मित्राविषयी, भावाविषयी, मठ सोडलेल्या भगिनीविषयी, परदेशी गेलेल्या मुलाविषयी वापरला जातो. आणि वडीलधारे ज्या समाधानाने ‘माणसांत आले’ म्हणतात, त्याच समाधानाने घरातल्या शांत झालेल्या मुलाकडे पाहतात, तो शांत का झाला हे न विचारता. दोघेही ऐकत नाहीत. एक जुना आवाज हरवला म्हणून कान बंद करतो, दुसरा नवा आवाज गोड लागला म्हणून शब्दांकडे लक्ष देत नाही.

त्या मांडवातल्या तरुणाला आमचा निरोप आहे: बाळा, ते गाणे पुन्हा वाजव. काकांनाही शेजारी बसव, मास्तरांनाही. त्या चार मोकळ्या तारांतली दुसरी तार छेडशील तेव्हा जरा थांब, आणि दोघांनाही ती नीट ऐकू दे.